बाबा प्रोस्टेटच्या ऑपरेशनला तयार नाहीत, खोटं सांगून नेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यात बँकेत नोकरी करणारी ३९ वर्षांची मुलगी लिहितेय. आई-वडील कराडजवळच्या गावात राहतात. वडील ७१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. दोन-तीन वर्षं रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे, विचारलं की "वय झालं" म्हणून विषय संपवायचे. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली, आणि त्या रात्री लघवी पूर्ण बंद. पोट दगडासारखं घट्ट. रात्री दोनला दवाखान्यात नेऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) टाकला तेव्हा जवळपास ९०० मिली लघवी निघाली. तेव्हापासून तीन आठवडे नळी आणि पिशवी आहे, प्रोस्टेटची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात टीयूआरपी (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून करायचं प्रोस्टेटचं ऑपरेशन) करून घ्या. दुबईचा भाऊ म्हणतो लेझरच करा, पुण्यात आणा, पैशाची काळजी नको. बाबा म्हणतात, "असाच मरेन पण तिथं कापू देणार नाही." गावातल्या एकाची ऑपरेशननंतर पॅन्ट ओली होते हे त्यांनी पाहिलंय. दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा) ७.२, म्हणजे जास्त आला, सगळ्यांना कॅन्सरची भीती वाटतेय, म्हणून तो रिपोर्ट बाबांपासून लपवलाय. आई म्हणते, नळी बदलायची आहे असं सांगून पुण्याला ने आणि ॲडमिट कर. तसं करू का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नको. खोटं सांगून नेऊ नकोस.

एक तर ते जमणारच नाही. हे ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेतून इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर करून करतात, माणूस जागा असतो, आणि त्याच्या आधी डॉक्टर त्यांच्याशी बोलणार, संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार. शुद्धीत असलेल्या, सगळं समजणाऱ्या माणसाच्या वतीने मुलीची सही चालत नाही. म्हणजे नळी बदलायला म्हणून आणलेल्या बाबांना ऐन वेळी वॉर्डात कळणार की घरच्यांनी आपल्याला काय सांगून आणलं, आणि मग ते तिथून उठून सरळ स्वारगेट गाठतील, आणि त्यानंतर तुझ्याबरोबर साध्या ब्लडटेस्टलासुद्धा येणार नाहीत. आईंचं मी समजू शकते, तीन आठवडे पिशवी रिकामी करतायत, रात्री झोप नाही, त्या थकल्यात. पण हा मार्ग नाही.

तू लिहिलंयस बाबा हट्टी आहेत. मला मात्र तुझ्या पत्रात हट्ट सापडला नाही. या एका महिन्यात त्यांच्या बाजूने काय काय झालं ते बघ ना. लग्नघरातून मध्यरात्री कळवळत बाहेर पडावं लागलं, पाहुण्यांसमोर. अनोळखी माणसांनी अंगावरचे कपडे काढून नळी घातली. आता ती पिशवी घेऊन फिरायचं म्हणून घराबाहेर पडणं बंद, तूच लिहिलंयस की पारावर जायचे ते बंद झालंय. घरात सगळे त्यांच्याबद्दल फोनवर बोलतायत, ते आले की फोन ठेवतायत. आणि एक रिपोर्ट लपवलाय, जो लपवलाय हे त्यांना बहुतेक माहीत आहे, कारण बत्तीस-पस्तीस वर्षं गाडीत उतारूंच्या तोंडाकडे बघून कुणी तिकीट काढलं नाही ते ओळखणारा माणूस बायकोचं तोंड ओळखत नसेल असं मला वाटत नाही. या सगळ्यात त्यांना कुणी विचारलं का, की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?

मी हे पुस्तकी सांगत नाहीये. सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा ते ६८ चे होते. आदल्या रात्री वॉर्डातला दिवा बंद झाल्यावर अंधारात त्यांनी मला एवढंच विचारलं, "नंतर सगळं नीट राहील ना?" मी म्हटलं, हो हो, झोपा आता. मला वाटलं लघवीबद्दल विचारतायत. ऑपरेशन चांगलं झालं, धार सुधारली, रात्रीचं उठणं एकावर आलं, आणि तरी दोन-तीन महिन्यांनी हे अगदी गप्प गप्प झाले, जेवायचे नीट नाहीत. खूप दिवसांनी कळलं, की संबंधाच्या वेळी वीर्य बाहेरच येत नव्हतं आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण कायमचे बिघडलो. आणि ही तर या ऑपरेशननंतर होणारी सगळ्यात नेहमीची गोष्ट! तिथल्या कुणी ऑपरेशनच्या आधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मी तर प्रश्नच ऐकून घेतला नव्हता. डॉक्टरांची दोन मिनिटं आणि माझी दोन मिनिटं, एवढ्यात ते महिने वाचले असते. त्याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून तुला इतकं लांब लिहितेय.

तर "तिथं कापू देणार नाही" यातला "तिथं" हा शब्द नीट ऐक. ७१ व्या वर्षीसुद्धा माणूस पुरुष असतो आणि तुझे आई-बाबा नवरा-बायको असतात. मुलगी म्हणून तुला हे त्यांच्याशी बोलायला अवघड जाणार, त्यांना तुझ्याशी बोलायला त्याहून अवघड, आणि तसं बोलायची गरजही नाही. तू फक्त अशी सोय कर की ते डॉक्टरांशी एकटे बोलतील. त्याचं पुढे सांगते.

आधी झालं काय ते समजून घे, म्हणजे त्यांनाही सांगता येईल. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते, जवळजवळ सगळ्याच पुरुषांची, ऐंशीपर्यंत जगलेल्या बहुतेकांची वाढलेली असते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही, आणि या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. त्रास किती होणार हे मात्र आकारावर ठरत नाही. एखाद्याची शंभर ग्रॅमची असून तो निवांत असतो आणि एखाद्याची पस्तीस ग्रॅमची नेमकी नळी दाबून बसते. तुमच्याकडे सोनोग्राफीत "ग्रेड टू" वाचून आई घाबरल्यात ना, त्या ग्रेडवर सगळं ठरत नाही. लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते, किडन्यांवर सूज आहे का, आत खडा झालाय का, हे जास्त महत्त्वाचं.

आणि ती सर्दीची गोळी. बाबांना वाटत असेल की आपण काहीतरी चुकीचं केलं. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांमध्ये अशी औषधं असतात की नाक मोकळं होतं पण मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. आधीच अरुंद झालेल्या वाटेवर एवढंही पुरतं. लग्नातली गडबड, पाहुण्यांत लघवी दाबून बसणं, बद्धकोष्ठ, हे सगळं त्यात भर घालतं. त्यांची चूक नाही, पण इथून पुढे सर्दी झाली तर "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" हे मेडिकलवाल्याला सांगितल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच, घरात साठीच्या पुढचा पुरुष असेल तर, हे लक्षात ठेवा प्लीज.

आता पीएसए. घरात सगळ्यात मोठी भीती याचीच आहे आणि नेमकं हेच सगळ्यात अर्धवट समजलेलं आहे. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन आहे, ते कॅन्सरमध्ये वाढतं तसं साध्या वाढीतही वाढतं, इन्फेक्शनमध्ये वाढतं, लघवी तुंबली की वाढतं, आणि नळी घातल्यावरही वाढतं. तू स्वतःच लिहिलंयस की रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं! म्हणजे लघवी तुंबून, वर नळी घालून झाल्यावर. त्या दिवशीच्या ७.२ वरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. काही आठवडे जाऊ देऊन, लघवीत इन्फेक्शन नाही हे बघून पुन्हा तपासायचं असतं, नेमकं कधी ते डॉक्टर सांगतील. गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट तपासतात, त्यात ती गुळगुळीत लागते की कडक गाठ लागते तेही कळतं. ही तपासणी होणार आहे हे बाबांना आधीच सांगून ठेवायला सांग डॉक्टरांना, अर्ध्या मिनिटाचं काम असतं पण अचानक झालं की माणूस दुखावतो. दुसऱ्यांदाही पीएसए जास्त आला तर पुढे एमआरआय, लागली तर बायोप्सी. तेव्हाचं तेव्हा बघू. पण रिपोर्ट लपवू नकोस. "बाबा, एक आकडा जास्त आलाय, पण नळी घातल्यावर तो वाढतोच, काही आठवड्यांनी परत बघायचाय" एवढं साधं वाक्य आहे. लपवलेल्या कागदाची भीती उघड्या कागदापेक्षा कितीतरी मोठी असते गं.

पुढचा मुद्दा. ऑपरेशन कर की नको एवढाच प्रश्न आहे असं तू धरून चाललीयेस. मधली एक पायरी तुझ्या पत्रात मला दिसलीच नाही. पहिल्यांदाच लघवी तुंबली असेल, किडन्या नीट असतील, तर टॅमसुलोसिनसारखी, लघवीची वाट सैल करणारी गोळी काही दिवस देऊन नळी काढून बघतात, आपोआप लघवी होते का. याला डॉक्टर लोक ट्रायल म्हणतात. साधारण निम्म्या लोकांना तरी त्यानंतर होते. तुमच्याकडे गोळी तीन आठवडे चालू आहे, मग ट्रायल झाली का, झाली नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना सरळ विचार. त्यांच्याकडे कारण असू शकतं, किडनीवर ताण असेल, खडा असेल, तर ते थेट ऑपरेशनच सांगणार आणि ते बरोबरच आहे. पण कारण कळलं पाहिजे. ट्रायल करायची तर सकाळी लवकर नळी काढतात, मग पाणी प्यायचं, फिरायचं, आणि दुपारपर्यंत बघायचं, झाल्यावर सोनोग्राफीने आत किती उरली ते मोजतात. तो दिवस दवाखान्याच्या जवळ काढायचा, नळी काढून तासाभरात गावी परत जायचं नाही, कारण पुन्हा तुंबली तर रात्रीची तीच धावपळ.

ट्रायल पास झाली तर बाबांना वाटेल सुटलो. तसं नाही. अशा बऱ्याच लोकांची पुढच्या काही महिन्यांत पुन्हा अडते. म्हणून गोळ्या नेमाने, आणि धारेची तपासणी. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची असते, मशीन वेग मोजतं. सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर छान, १० च्या खाली असेल तर बहुतेक अडथळा आहे असं समजतात. त्यासाठी मूत्राशय चांगलं भरलेलं लागतं, दीडशे मिली तरी व्हायला पाहिजे, घाईत थोडीशी करून आलेला आकडा काही कामाचा नाही. तुझ्या बाबांना शुगर आहे का हे तू लिहिलं नाहीस. जुनी शुगर असेल तर मूत्राशयाचाच जोर गेलेला असू शकतो, मग वाट मोकळी करूनही पुरेसा फरक पडत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी हे तपासायला सांग.

आणि ट्रायल फेल झाली तर? तर मग ऑपरेशन नको म्हणण्याची किंमत काय, ते बाबांना स्पष्ट कळायला हवं. कायमची नळी. ती दर काही आठवड्यांनी बदलावी लागते, साधी रबराची लवकर, सिलिकॉनची जास्तीत जास्त तीन महिने. लघवीत इन्फेक्शन होत राहतं, खडे होतात. दुसरा मार्ग, दिवसातून चार-पाच वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायची आणि नळी टाकून द्यायची, काही लोक शिकतात आणि छान जमवतात, ज्यांना हार्ट वगैरेमुळे ऑपरेशन झेपणार नाही त्यांना हा चांगला आहे. पण धडधाकट माणसाने भीतीपोटी हे निवडावं असं मला वाटत नाही. माझं मत विचारशील तर, ट्रायल फेल झाली आणि तब्येत बरी आहे, तर त्यांनी ऑपरेशन करून घ्यावं. निर्णय त्यांचा, पण माझं मत मी लपवत नाही.

टीयूआरपीत "कापणं" बाहेरून काहीच नसतं. पोटावर नाही, खाली नाही, कुठेच टाका नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालून ती वाट दाबणारा प्रोस्टेटचा आतला भाग तासून काढतात. संत्र्याचा गर काढला आणि साल तशीच ठेवली, असं आम्हाला सांगितलं होतं. तासाभराचं काम. मग दोन-तीन दिवस जाड नळी असते, तिच्यातून एकीकडून सलाईन आत सोडतात आणि दुसरीकडून बाहेर येतं, गुठळी होऊ नये म्हणून. त्या रात्री मी ह्यांच्या पिशवीकडेच बघत बसले होते. सुरुवातीला लालभडक, पहाटे कोकम सरबतासारखं, दुसऱ्या दिवशी दुपारी फिकट गुलाबी. कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी दोनदा सिस्टरला उठवलं. तू घाबरू नकोस, हे होतं. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात, त्यात कॅन्सर आहे का तेही बघतात, तो रिपोर्ट मागून घ्यायचा. घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी आतली खपली सुटते आणि पुन्हा एकदा लाल लघवी होऊ शकते, भरपूर पाणी प्यायचं, गुठळ्या आल्या किंवा लघवी अडली तर धावायचं. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, मोटारसायकल नाही, कुंथायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय चालूही ठेवायची नाही.

आता त्यांच्या मनातले दोन प्रश्न, जे ते तुला विचारणार नाहीत.

पॅन्ट ओली होणं. पहिले काही आठवडे घाई होते, लागली की थांबवत नाही, थेंब जातात. बहुतेकांचं हे दोन-तीन महिन्यांत जातं, लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात त्यांचा व्यायाम शिकवतात त्याने लवकर जातं. कायमचा ताबा जाणं हे टीयूआरपीत शंभरात एखाद्याला. गावातल्या त्या गृहस्थांचं नेमकं कुठलं ऑपरेशन झालं होतं ते कुणाला माहिती आहे का? कॅन्सरसाठी अख्खी प्रोस्टेट काढतात ते वेगळं, खूप मोठं ऑपरेशन आहे, त्यात लघवी गळणं आणि ताठरता जाणं दोन्ही कितीतरी जास्त होतं. लोक दोन्हीला "प्रोस्टेटचं ऑपरेशन" म्हणतात आणि एकाचं भय दुसऱ्याला चिकटतं.

आणि पुरुषत्व. टीयूआरपीनंतर ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते, थोड्यांना फरक जाणवतो. इच्छा जात नाही. वीर्य मात्र बहुतेकांचं, दहातल्या सहा-सात जणांचं तरी, बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. अपाय काही नाही, सुखाची जाणीवही बहुतेकांना राहते, पण कोरडं वाटतं आणि माहीत नसेल तर माणूस हादरतो, आमच्याकडे हादरले. मूल हवं असलेल्या तरुण माणसाला हा मोठा मुद्दा आहे, ७१ व्या वर्षी नाही, तरी सांगितलं पाहिजेच. लेझरमध्येही हे तेवढंच होतं.

भावाला हे शेवटचं वाक्य वाचून दाखव. लेझर म्हणजे काही न करता बरं होणं असं नाही, तेही त्याच वाटेने आत जाऊन तोच भाग काढतं. प्रोस्टेट खूप मोठी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवता येत नसतील तर लेझरचा खरा फायदा आहे, रक्तस्राव कमी, नळी लवकर निघते. मध्यम आकाराच्या प्रोस्टेटला चांगल्या हाताने केलेली टीयूआरपी काही कमी दर्जाची नाही. मशीनपेक्षा, डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत हे विचारा. कराडला युरोलॉजिस्ट आहेत, बाबांना घराजवळ, ओळखीच्या माणसांत बरं वाटणार असेल तर पुण्याचा आग्रह कशाला? भाऊ पैसे देतोय हे चांगलंच आहे, पण बाबा सत्तरीच्या वर आहेत, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलात. आधार कार्ड घेऊन काढून ठेव, आणि तुमच्या हॉस्पिटलात हे ऑपरेशन त्यात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी विचार. मुलाच्या पैशावर आपण नकोत, हेही त्यांच्या नकारात कुठेतरी असू शकतं.

हे सगळं ठरेपर्यंत त्यांचे रोजचे दिवस तरी सुधारूया. मांडीला किंवा पोटरीला बांधायची छोटी पिशवी मिळते, सर्जिकल दुकानात मागायची, ढगळ लेंग्याखाली कुणाला दिसत नाही. दिवसा ती, रात्री मोठी. ही मिळाली की ते पारावर जाऊ शकतील, आणि मला वाटतं त्यांचा अर्धा राग तिथेच निवळेल. पिशवी नेहमी कमरेच्या खाली पाहिजे पण जमिनीवर टेकवायची नाही. नळीला पीळ पडू द्यायचा नाही, मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवायची म्हणजे ओढ बसत नाही. जिथून नळी आत जाते तिथे रोज आंघोळीला साबणपाणी, बस, पावडर-मलम नको. पाणी भरपूर. ताप, थंडी वाजून आली, किंवा पिशवीत दोन-तीन तास काहीच आलं नाही आणि पोट दुखतंय, तर वाट बघायची नाही. आणि वैतागून नळी ओढायची नाही! आत पाण्याने भरलेला फुगा असतो, तो रिकामा केल्याशिवाय ओढली तर आतली वाट फाटते. हे त्यांना शांतपणे सांग, रात्री झोपेत माणूस ओढतो.

आता बोलायचं कसं. फोनवर नाही. शनिवारी गावी जा, तो रिपोर्ट घेऊन जा, आणि आईला सोबत बसव. सुरुवात ऑपरेशनने करू नकोस. "बाबा, तुम्हाला न सांगता आम्ही बरंच बोललो, ते चुकलं" एवढं म्हण आणि कागद त्यांच्या हातात दे. मग गप्प बस. ते चिडतील किंवा उठून जातील, जाऊ दे, संध्याकाळी परत येतील. नंतर एवढंच विचार की फक्त बोलायला डॉक्टरांकडे येणार का, ॲडमिट व्हायचं नाही, काही करायचं नाही. अपॉइंटमेंट घेताना डॉक्टरांना आधी फोन करून सांग, की पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी एकट्याशी बोला आणि संबंधांबद्दल त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच सांगा. डॉक्टर आल्या-आल्या "काही नाही हो काका, साधं ऑपरेशन आहे" म्हणत असतील आणि प्रश्नांना वेळ देत नसतील, तर दुसरे बघ. दुसरं मत घेण्यात काही वावगं नाही. तू आणि आई बाहेर बाकावर बसा, दाराशी कान लावू नका.

ज्याचं हे ऑपरेशन होऊन सगळं नीट झालंय असा त्यांच्याच वयाचा कुणी एसटीतला जुना सहकारी सापडला तर फार बरं. डेपोतल्या जुन्या लोकांत असा एक तरी बहुतेक असतो, फक्त कुणी बोलत नाही. त्याला घरी चहाला बोलव आणि तुम्ही दोघी शेतावर जा.

आणि तरीही ते नाही म्हणाले तर? सगळं कळल्यावर, ट्रायलचं, कायमच्या नळीचं, सगळं ऐकून नाही म्हणाले तर त्यांना महिनाभर दे. नळी वेळेवर बदला, किडनीची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, तेवढं त्यांच्याकडून कबूल करून घे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढायला लागलं किंवा वारंवार ताप यायला लागला तर पुन्हा विषय काढायचा, तेव्हा आकडा त्यांच्या हातात असेल आणि ते तिकिटांचा हिशोब केलेले आहेत, त्यांना आकडे कळतात. आईला मात्र आठवड्यातून दोन रात्री तरी झोप मिळेल असं बघ, भावाला पैसे द्यायचेच असतील तर पिशवी बघायला येणाऱ्या माणसासाठी देऊ दे.

अजून एक. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंय असं तू जाता जाता लिहिलंयस. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातला, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडू शकतो, डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तयारी ठेवतात. गोळी बंद करून उपयोग नसतो, सांगणं महत्त्वाचं. गोळीचं पाकीट डोळ्यांच्या फाईलमध्ये आत्ताच ठेवून दे.